काचेवर आपटून गॅलरीत पडलेला हा रंगीत पक्षी कोणता? आत्ता काय करू?

मीरा_घोडबंदर
२८ मे, रात्री ११:०४

घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, सातवा मजला, गॅलरीला मोठी स्लायडिंगची काच आहे. साडेदहाच्या सुमाराला धप्पकन आवाज आला, मला वाटलं वरून कुणाची तरी कुंडी पडली, जाऊन बघते तर काचेखाली एक पक्षी डोळे मिटून पडलेला. आधी वाटलं गेलाच, पण छाती हलत होती. असा पक्षी मी आयुष्यात पाहिला नाहीये. पाठ हिरवीगार, पोट फिकट बदामी आणि शेपटीखाली एकदम कुंकवासारखा लाल, खांद्याशी निळा चमकणारा ठिपका, डोळ्यावरून मानेपर्यंत जाड काळी पट्टी, काजळ फिसकटल्यासारखी, आणि शेपूट जवळजवळ नाहीच. शेपूट तुटली की काय म्हणून मी घाबरले पण रक्त कुठेच दिसत नाही. आता डोळे उघडलेत पण उडत नाही, कोपऱ्यात अंग फुगवून बसलाय.

सासूबाई म्हणतायत चमच्याने पाणी पाज. शेजारच्या काकू त्यांचा लव्हबर्डचा रिकामा पिंजरा घेऊन आल्यात. मुलगा म्हणतो पोळी भिजवून देऊ. मला काहीच सुचत नाहीये, एवढ्या रात्री पक्ष्यांचा डॉक्टर कुठे शोधू? फोटो टाकलाय, फ्लॅश मारला नाही म्हणून अंधारा आलाय. बाहेर वारा सुटलाय आणि खाली मांजरी आहेत म्हणून तसाच सोडायची पण भीती वाटते. कोणी जागं असेल तर प्लीज सांगा.

पाणवठा
२८ मे, रात्री ११:११

पाणी पाजू नका!! आधी एवढं करा, बाकीचं सावकाश वाचा.

पिंजरा काकूंना परत द्या. पुठ्ठ्याचा खोका घ्या, बुटांचा किंवा पार्सलचा कुठलाही, वरच्या बाजूला पेनने आठ-दहा भोकं पाडा, आत जुना सुती कपडा अंथरा, दोरे निघालेला नको कारण ते नखांत अडकतात. गॅलरीतला दिवा घालवा. हातात एक पातळ फडकं घ्या, ते त्याच्यावर अलगद टाका आणि पंख अंगाशी राहतील असा दोन्ही हातांत उचला. आवळू नका, पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलवावी लागते, ती दाबली गेली तर तो हातातच गुदमरतो. खोक्यात ठेवा, झाकण लावा, घरातली सगळ्यात शांत खोली बघा, पंखा बंद टीव्ही बंद, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. आणि मग उघडून बघायचं नाही. मोह होतो, मला माहितीये, पण प्रत्येक वेळी झाकण उघडलं की त्याच्यासाठी तो शिकारी आल्यासारखाच असतो.

पाणी का नको ते सांगतो. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते, अर्धवट शुद्धीत असताना चोचीत पाणी ओतलं की ते गिळलं जात नाही, थेट फुप्फुसात जातं. धडकेतून वाचलेले आणि नंतर पाण्याने गेलेले पक्षी मी माझ्या हातात पाहिलेत, म्हणून एवढं ठासून सांगतोय. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे कारण सांगा, त्यांना पटेल. पोळी, भात, दूध पण नको, हा किडे खाणारा पक्षी आहे.

पिंजऱ्यात रानातला पक्षी घाबरून तारांवर आपटत राहतो, कपाळ सोलून निघतं, पिसं मोडतात. अंधारात तो शांत होतो, आणि डोक्याला मार लागलेल्याला आत्ता अंधार हेच औषध आहे.

वनखात्याची हेल्पलाइन १९२६, आत्ताच लावून बघा, तुमच्या भागातल्या रेस्क्यूवाल्यांशी गाठ घालून देतील.

आणि शेपूट तुटलेली नाही. त्याची तेवढीच असते. हा नवरंग आहे.

अक्षय_क
२८ मे, रात्री ११:२०

मला तरी खंड्याचं पिल्लू वाटतंय. खांद्यावर निळं आहे ना, शेपूट पण बारकी. आमच्या ऑफिसच्या काचेवर पण एक किंगफिशर आपटला होता गेल्या पावसाळ्यात, छोटासा, नारिंगी आणि निळा जांभळा.

वाटसरू_पनवेल
२८ मे, रात्री ११:४१

अक्षय, तुमच्या ऑफिसवाला बहुतेक तिबोटी खंड्या असणार, तो पण याच दिवसांत आपल्याकडच्या जंगलात येतो आणि तोही काचांवर आपटतो, त्यामुळे तुमचा अंदाज अगदीच वाऱ्यावर नाही. पण मीराताईंच्या फोटोत पाय बघा. लांब, गुलाबी, ताठ. खंड्याचे पाय नुसते बसण्यापुरते, तो चालत नाही. नवरंगाचं सगळं आयुष्य पायांवर, टुणटुण उड्या मारत जमिनीवरचा पाचोळा चोचीने उलटायचा आणि खालचे किडे, भुंगेरे, गांडुळं उचलायची. चोच पण बघा, खंड्यासारखी लांब सुरी नाही, आखूड आणि जाड आहे. पाणवठा म्हणतायत तेच बरोबर, नवरंगच आहे, इंग्रजीत इंडियन पिट्टा. नर मादी सारखेच दिसतात म्हणून ते विचारू नका :)

मीराताई, झोप लागणारच नसेल तर वाचायला थोडं लिहितो. मी गेली वीसेक वर्षं मे संपताना कर्नाळ्याला जातोय ते या एका पक्ष्यासाठी. थंडीभर हा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. मे महिन्यात तिकडून उत्तरेकडे निघतो, मध्य भारत, हिमालयाचा पायथा, आणि एक वाट आपल्या सह्याद्रीच्या कडेकडेने. कर्नाळा, फणसाड, तुंगारेश्वर, आणि तुमच्या घराच्या मागचंच येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, इथे तो पाऊस पडायच्या जरा आधी पोचतो, घरटं करतो, पिल्लं मोठी करतो आणि पाऊस ओसरला की परत खाली. आणि हा सगळा प्रवास रात्रीचा. पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, दिवसा झाडीत थांबणार, रात्री उडणार. तुमच्याकडे साडेदहाला आपटला तो भरकटून आलेला नाही, तो त्याच्या रस्त्यानेच चालला होता. मध्ये आपल्या उजेडाच्या इमारती आल्या. उजेडाने हे पक्षी गोंधळतात, आणि काच त्यांना दिसतच नाही.

नावाची गंमत सांगतो, पिट्टा हा शब्द तेलुगू आहे, अर्थ साधा, छोटा पक्षी. १७६६ साली लिनिअसने याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा कावळ्यांच्या गटात बसवला होता, कॉर्व्हस ब्रॅकियुरस, आखूड शेपटीचा कावळा. पुढे कावळा गेला, आखूड शेपूट तेवढी नावात राहिली, आता पिट्टा ब्रॅकियुरा म्हणतात.

एवढे रंग असून हा दिसत नाही. पंचवीस वेळा ऐकावा तेव्हा एकदा दिसतो. झाडीतल्या सावलीत वरून हिरवी पाठ पाचोळ्यात आणि रोपट्यांत विरून जाते, खालचा लाल रंग जमिनीकडे असतो, तुम्ही त्याच्यापासून दहा फुटांवर उभे असता आणि कळत नाही. मग अचानक उडतो आणि पंखावरचा पांढरा पट्टा लख्खकन दिसतो, तेवढंच. तुमच्या गॅलरीत तो ट्यूबलाइटखाली पडलेला तुम्ही पाहिलात, मला त्याचं वाईटच वाटतंय खरं सांगायचं तर, असा दिसायला नको होता तो.

मीरा_घोडबंदर
२९ मे, रात्री १२:२५

खोक्यात ठेवला. उचलताना एकदा चोच मारली मला, जोरात, पाणवठा म्हणाले हे चांगलं लक्षण (त्यांनी मेसेज केला). १९२६ लागला, त्यांनी एका रेस्क्यूच्या मुलाचा नंबर दिला, तो म्हणाला आत्ता रात्री हलवू नका, सकाळी आठला येतो. सासूबाईंना पाण्याचं कारण सांगितलं तर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या लहानपणी आम्ही चिमणीच्या पिल्लाला असंच पाणी पाजायचो आणि ते मरायचं, आम्हाला वाटायचं त्याचं आयुष्यच तेवढं. खूप वेळ त्याच विचारात होत्या.

खोक्यातून अधूनमधून खसखस आवाज येतोय. उघडलं नाही. गॅलरीतलेच नाही तर हॉलचे पण सगळे दिवे घालवलेत, अंधारात बसून टाइप करतेय.

पातेरा
२९ मे, सकाळी ६:५०

मी गुहागर तालुक्यातला. सकाळी उठून हा धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्याकडे हा रोहिणीत येतो. म्हणजे कोणी कॅलेंडर बघून ठेवत नाही पण धूळपेरणीची घाई चालू असते, आभाळ भरून येतं आणि पडत नाही, अंगाला घामाच्या धारा, आणि अशा एखाद्या पहाटे देवरहाटीतून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातून, शीळ येते. दोन सुरांची. पहिला सूर वर जातो, दुसरा खाली उतरतो, व्हीऽऽ-ट्यू. एकदा, मग थांबतो, परत एकदा. मग दुसऱ्या बाजूने कोणीतरी उत्तर देतो. माझी आजी म्हणायची आला, आता गवत शाकारायचं राहिलंय त्यांनी घाई करा. आजी गेली, घरावर आता कौलं पण नाहीत, स्लॅब आहे, पण शीळ आली की आईच्या तोंडून अजून तेच वाक्य येतं.

शीळ घालताना हा जमिनीवर नसतो बरं का, झाडावर फांदीवर बसतो, मान पार मागे टाकतो आणि मग घालतो. मी लहान असताना खाली जमिनीवर शोधत बसायचो आणि हा डोक्यावर. घरटं मी दोनदा पाहिलंय, एक जमिनीवरच करवंदीच्या जाळीत आणि एक कमरेएवढ्या उंचीवर दुबेळक्यात. घरटं म्हणजे सुक्या पानांचा आणि काटक्यांचा गोळा, बाजूने गोल तोंड, लांबून बघितलं तर वाऱ्याने पातेरा, म्हणजे पाचोळा, गोळा होऊन अडकलाय असंच वाटतं. आत पांढरी चकचकीत अंडी, त्यावर जांभळट ठिपके, मी पाहिली तेव्हा पाच होती. जवळ गेलो नाही जास्त, वडिलांनी मागे ओढलं होतं.

आता मला जे सांगायचंय ते. या पक्ष्याला झाडं लागतात हे सगळे म्हणतात, पण त्याला झाडाखालचा पातेरा लागतो. आमच्याकडे भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, शिमग्याच्या आधीपासून पातेरा झाडून गोळा करतात, राब भाजतात, त्याबद्दल मी बोलत नाही, ते पिढ्यानपिढ्या चाललंय आणि आता भात लावणारेच कमी झालेत. मी बोलतोय ते आता जे नवीन चाललंय त्याबद्दल. डोंगराचे डोंगर साफ करून काजू लावतात, खाली एक पान ठेवत नाहीत, स्वच्छ अंगणासारखी जमीन, आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी लावलेला वणवा. झाडं दिसतात लांबून हिरवी. पण खाली गांडूळ नाही, भुंगेरा नाही, नवरंग येऊन काय खाणार? आमच्या चारी बाजूच्या टेकड्यांवर मी लहानपणी शीळ ऐकलीय, आता फक्त देवरहाटीतून येते, कारण तिथलं पान कोणी उचलत नाही, देवाचं आहे म्हणून. पायाखाली घोट्यापर्यंत पातेरा आहे तिथे. तिथे अजून तीन जोड्या तरी आहेत असं आवाजावरून वाटतं.

मीराताई तुमचा पक्षी जगू दे. देवाला सांगतो आज.

अनुजा_चेन्नई
२९ मे, सकाळी ९:१५

पातेरा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी मूळची सांगलीची, गेली बारा वर्षं चेन्नईत. तुमच्याकडे जो पावसाचा पक्षी तो आमच्याकडे थंडीचा. ऑक्टोबरात येतो, परतीच्या मॉन्सूनच्या आसपास, आणि इथेही तीच कथा, दमलेला, कुणाच्या तरी बाथरूममध्ये शिरलेला, कुणाच्या जिन्यात बसलेला, मग फोटो फिरतात की हा कुठला परदेशी पक्षी. तामिळमध्ये याचं नाव मला फार आवडतं, आरुमणि कुरुवी, सहा वाजताचा पक्षी, कारण पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा या वेळेला हमखास शीळ घालतो. आमच्या कॉलनीला लागून एक जुना मोकळा प्लॉट होता, वड, कडुनिंब, खाली पानांचा खच, तिथे दर थंडीत एक असायचाच. संध्याकाळी मी चहा घेऊन गच्चीत जायचे, शीळ आली की घड्याळ बघायचे, पाच-दहा मिनिटांचा फरक. मल्याळममध्ये याला कावी म्हणतात.

श्रीलंकेत याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात, की याच्याकडे आधी मोराचा तो सगळा पिसारा होता, हा अंघोळीला उतरला आणि मोराने त्याचे कपडे पळवले, तेव्हापासून हा रानोमाळ माझे कपडे माझे कपडे म्हणून हाका मारत फिरतो. शेपूट का नाही याचं उत्तरच आहे ते एका अर्थी! माझ्या मुलीला मी ही गोष्ट सांगितली तर ती रडली होती, तिला मोर आवडेनासा झाला कितीतरी दिवस.

तो प्लॉट मागच्या वर्षी साफ केला. पार्किंग झालं तिथे. गेल्या ऑक्टोबरात शीळ आली नाही. मार्चपर्यंत मी गच्चीत जात होते रोज.

मीरा_घोडबंदर
२९ मे, सकाळी १०:०२

रात्रभर जागे होतो आम्ही तिघंही. सकाळी साडेपाचला खोक्यातून आवाज वाढला, आतून टुणटुण उड्या मारल्यासारखा. आठला तो मुलगा आला, अंधाऱ्या खोलीत दार लावून त्याने तपासलं, पंख दोन्ही नीट आहेत, डावा डोळा किंचित कमी उघडतोय, चोचीच्या मुळाशी बारीक खरचटलंय. चिमट्याने त्याने एक अळी पुढे धरली तर दोन सेकंद तिच्याकडे बघत राहिला आणि पटकन घेतली. माझा मुलगा टाळ्या वाजवणार होता, मी त्याचा हात धरला.

आता प्रश्न असा, की सोडायचा कधी आणि कुठे? काकू म्हणतात आत्ताच गॅलरीतून सोडा जाईल आपला. माझे दीर म्हणतायत गाडी काढतो, कर्नाळ्याला नेऊन सोडू, तिथे अभयारण्य आहे. रेस्क्यूचा मुलगा म्हणाला आज दिवसभर त्याच्याकडे ठेवतो मग बघू. तुम्हाला काय वाटतं?

सुधीर_बदलापूर
२९ मे, सकाळी १०:३०

कर्नाळ्याला न्या असंच मी म्हणेन. सुरक्षित जागा आहे, त्याचे भाईबंद तिथेच असतात.

वाटसरू_पनवेल
२९ मे, सकाळी १०:४८

सुधीर, कर्नाळा मला घरासारखं आहे तरी मी नाही म्हणतो. जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं रान, मधून हायवे, आणि तिथल्या जागा एव्हाना तिथे पोचलेल्या नवरंगांनी वाटून घेतलेल्या असणार. हा ज्या दिशेने चालला होता ते याला माहीत, आपल्याला नाही. कदाचित येऊरलाच चालला असेल, कदाचित पार गुजरात राजस्थानकडे. आपण उचलून पन्नास किलोमीटर मागे दक्षिणेला नेऊन ठेवायचं, गाडीच्या हादऱ्यांत, आणि याने परत तीच ठाणे मुंबईच्या उजेडातली रात्र पार करायची. जिथे सापडला तिथल्याच जवळच्या झाडीत सोडा.

पाणवठा
२९ मे, सकाळी ११:०५

वाटसरूंशी सहमत, फक्त वेळेबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. आत्ता दिवसा गॅलरीतून मुळीच नको. सातव्या मजल्यावरून हा सरळ खाली जाणार, खाली फरशी, गाड्या, मांजरी, आणि कावळे तर लगेच मागे लागतात. डोक्याचा मार असा असतो की सकाळी ठणठणीत दिसतो आणि दुपारी मान वाकडी करतो, म्हणून तो मुलगा दिवसभर ठेवतो म्हणतोय ते अगदी योग्य आहे, त्याला ठेवू द्या. डोळा संध्याकाळपर्यंत पूर्ण उघडला आणि बंद खोलीत जमिनीवरून खुर्चीपर्यंत नीट उडाला, तर उजेड असतानाच, सहाच्या आत-बाहेर, डोंगराच्या पायथ्याला दाट झुडपं असतील तिथे सोडायचा. म्हणजे त्याला बसायची जागा शोधायला वेळ मिळतो, आणि पुढे जायचं असेल तर रात्र समोर असते. येऊरच्या आत अंधार पडल्यावर थांबू नका, बिबटे आहेत, आणि वनखात्याला सांगूनच जा.

सोडताना हवेत उडवू नका, लोक व्हिडिओसाठी तसं करतात. खोका जमिनीवर ठेवायचा, झुडपाकडे तोंड करून, झाकण काढायचं आणि आपण मागे व्हायचं. तो त्याच्या वेळेने जातो.

आणि ज्यांना वाटतं की दोन दिवस घरी ठेवून मुलांना दाखवू, त्यांच्यासाठी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी घरात ठेवता येत नाही. मीराताई तुम्हाला नाही म्हणत, वाचणारे बरेच असतात.

सुधीर_बदलापूर
२९ मे, दुपारी १:२०

पटलं. वाटसरू, तुम्ही म्हणता ते पन्नास किलोमीटर मागे नेण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणखी एक लिहायचंय, विषयाला सोडून वाटलं तर मॉडरेटरनी काढून टाका. मी फोटोग्राफर आहे, हौशी. चार-पाच वर्षांपूर्वी जूनमध्ये एका ठिकाणी, नाव घेत नाही, आम्ही सातआठ जण नवरंगासाठी गेलो होतो. मोबाइलवर त्याची शीळ लावली. तो आला. त्याला वाटलं दुसरा नर आपल्या जागेत शिरलाय. फांदीवर बसून मान मागे टाकून ओरडायला लागला, मला हवा तसा फोटो मिळाला, उजेड पण छान होता, तो फोटो खूप लोकांना आवडला. पण आम्ही अर्धा तास लावून ठेवली होती शीळ. अर्धा तास तो इकडून तिकडे जात होता, खायला एकदाही जमिनीवर उतरला नाही. मादी घरट्यात असेल तर ती पण भुकेली बसली असेल, कारण अंडी उबवायला आणि पिल्लांना भरवायला दोघंही लागतात. आमच्या नंतर दुसरा ग्रुप आला, त्यांनी पण लावली. दिवसभर चाललं असेल. पुढच्या आठवड्यात मी परत गेलो तर तिथे तो नव्हता.

त्यानंतर मी कॉल लावणं बंद केलं. आता पहाटे जाऊन एका जागी बसतो, मिळाला तर मिळाला. गेल्या दोन वर्षांत एकच फोटो आहे, पाठमोरा, पाचोळ्यात तोंड घातलेला, तोच माझ्या भिंतीवर आहे. या जूनमध्ये जे जाणार असतील त्यांनी प्लीज मोबाइल खिशात ठेवा.

पातेरा
२९ मे, दुपारी २:०५

सुधीरभाऊ, बरं झालं लिहिलंत. आमच्या देवरहाटीत पण आले होते दोन वर्षांमागे, मुंबईच्या गाड्या. गुरवाने आत जाऊ दिलं नाही.

मीरा_घोडबंदर
३० मे, सकाळी ७:४०

काल संध्याकाळी सोडला.

डोळा दुपारी तीनपर्यंत पूर्ण उघडला होता. वनखात्याचे एक गार्ड, रेस्क्यूचा मुलगा, मी, माझा मुलगा आणि सासूबाई, त्यांनी हट्टच धरला येणारच म्हणून, गुडघे दुखतात तरी चालत आल्या. पायथ्याशी करवंदीची आणि कुड्याची दाट झाडी आहे, खाली भरपूर पानं. पावणेसहाला खोका ठेवला. झाकण काढलं तर काहीच झालं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग डोकं वर आलं, ते काळी पट्टी असलेलं, आमच्याकडे बघितलं नाही, समोर झाडीकडे बघितलं, एक उडी मारून काठावर आला, दुसरी उडी जमिनीवर. मला वाटलं भुर्रकन उडेल. उडला नाही. तिथेच दोन उड्या पुढे गेला आणि चोचीने एक पान उलटलं. मग आणखी एक पान. मग करवंदीखाली शिरला आणि दिसेनासा झाला. वाटसरू म्हणाले होते तसंच, हिरवी पाठ पानांत कुठे गेली आम्हा पाच जणांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. मी फोटो काढला नाही. मुलाने विचारलं आई शेपूट येईल का त्याला नंतर, तर सासूबाईंनी त्याला ती मोराची गोष्ट सांगितली, अनुजाताई तुमची, मी त्यांना वाचून दाखवली होती.

परत येताना सी विंगच्या वॉचमनला सहज सांगितलं सगळं. तो म्हणाला मॅडम असाच एक हिरवा लाल पक्षी चार दिवसांपूर्वी पहाटे आमच्या लॉबीच्या काचेखाली पडला होता, मेलेला, मी कचऱ्यात टाकला, गेल्या वर्षी पण याच दिवसांत दोन सापडले होते. मी तिथेच उभी राहिले. आमच्या गॅलरीत पडला म्हणून मला कळलं, लॉबीखाली पडलेले पहाटे झाडू मारताना जातात.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. मला सांगा काचेला नेमकं काय लावायचं? बाजारात ते काळ्या घारीचे स्टिकर मिळतात ते चालतील का? आणि दिव्यांचं काय सांगू, बिल्डिंगला बाहेरून रात्रभर फोकस असतात.

पाणवठा
३० मे, सकाळी ९:३०

एक घारीचा स्टिकर काही उपयोगाचा नाही, पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेत जातो. पूर्ण काचेवर ठिपके किंवा पट्टे हवेत आणि दोन ठिपक्यांमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त अंतर नको, आणि बाहेरच्या बाजूने लावायचे, आतून लावले तर बाहेरच्या प्रतिबिंबात ते दिसत नाहीत. स्वस्तात करायचं तर पांढऱ्या ऑइल पेंटच्या मार्करने ठिपके काढा, मुलाला कामाला लावा. नाहीतर काचेच्या बाहेरून सुतळीच्या उभ्या दोऱ्या सोडा, चार-चार बोटांवर, कबुतराची जाळी काचेपासून वीतभर लांब असेल तर ती पण चालते. लॉबीची काच आधी करा, तिथे जास्त पडतायत.

दिव्यांसाठी वर्षभर भांडू नका, सोसायटी ऐकणार नाही. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर एवढेच महिने रात्री दहानंतर फोकस बंद, एवढंच मागा, विजेचं बिल पण कमी येतं हे सांगा. गॅलरीचे पडदे रात्री ओढून घ्या.

वॉचमन दादांना एक वही द्या. तारीख, वेळ, कुठली विंग, जिवंत की मेलेला, मोबाइलवर एक फोटो. मेलेला असला तरी नोंद हवी. मीटिंगला ती वही घेऊन जा.

मीरा_घोडबंदर
३० मे, सकाळी ९:५२

वही दिली. पहिली नोंद त्याच्याच हाताने लिहून घेतली, २५ मे, सी विंग लॉबी, पहाटे साडेपाच, मेलेला. दुसरी आमची.